दरी चढून आलो

आमच्या तरुणपणी डोंगरात जायचं म्हणजे गड चढायचा. पहाटे एसटीतून पायथ्याच्या गावात उतरायचं, कुणाच्या तरी ओसरीवर चहा प्यायचा आणि चढायला लागायचं. सगळा घाम सकाळीच गाळून मोकळं. राजगड असो की हरिश्चंद्रगड, हिशेब एकच: आधी ठेव, मग व्याज.

गेल्या वर्षी मुलाकडे सिडनीला गेलो, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, शनिवार-रविवार ब्लू माउंटन्सला बुशवॉकिंगला जाऊ. मला फोटोही काढायचेत.” रानातून पायी हिंडायला तिकडे बुशवॉकिंग म्हणतात. मी लगेच माझे सह्याद्रीतले पराक्रम सांगायला लागलो. सौ. म्हणाली, “अहो, ते खातं १९८९ पासून निष्क्रिय आहे.” चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची बायको शेवटी अशीच बोलायला लागते.

पॅरामॅटाहून आगगाडीने कटूम्बाला उतरलो आणि चक्रावलो. स्टेशनच डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर! चढायला काही शिल्लकच नाही. हे डोंगर म्हणजे मुळात वालुकाश्माचं थोरलं पठार. पाण्याने कापून कापून त्यात दऱ्या पाडल्या. थोडक्यात, माथेरान. इको पॉइंटसुद्धा आहे, नावासकट. फक्त घोडे नाहीत आणि चिक्की नाही.

दरीवर मात्र खरोखरच निळी झाक होती. झाडांतून उडणारं तेल हवेत पसरतं, त्यामुळे लांबचं सगळं निळसर दिसतं, म्हणतात. झाडं कुठली? युकॅलिप्टस, म्हणजे आपली निलगिरी. आपण झाडाला निळा डोंगर म्हणतो, त्यांनी डोंगरालाच म्हटलं. सर्दी झाली की रुमालावर टाकतो ती बाटली इथे तालुकाभर उघडून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी इको पॉइंटवर ट्रायपॉड रोवला. समोर थ्री सिस्टर्स नावाचे तीन सुळके: ९२२, ९१८ आणि ९०६ मीटर. हे आकडे मी फलकावर वाचले, कारण दोन तासांत एकही बहीण धुक्यातून बाहेर आली नाही. पांढऱ्याशुभ्र शून्याचे ६१ फोटो काढून मुलगा म्हणाला, “मूड छान आहे.”

मग सौ.ला हॉटेलात सोडून आम्ही सुळक्यांशेजारच्या जायंट स्टेअरवेने दरीत उतरलो. आठशेहून जास्त पायऱ्या, काही दगडात कोरलेल्या, काही लोखंडी, जवळजवळ शिडीच. उतरताना मी फुलपाखरू झालो होतो. दर पन्नास पायऱ्यांना हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेची एकेक आठवण सांगत होतो. समोरून चढून येणारी माणसं माझ्या ‘हॅलो’ला नुसती मान हलवायची. मला वाटलं, शिष्ट दिसतात.

खाली माणसापेक्षा उंच नेचे, ओलं रान आणि एक छोटा धबधबा. मुलाने ट्रायपॉड लावला, लेन्सवर काळी काच चढवली आणि म्हणाला, “बाबा, त्या दगडावर उभे राहा. स्केल येतं.” निसर्गाच्या भव्यतेपुढे माणूस क्षुल्लक दिसावा, म्हणून चौकटीत एक क्षुल्लक माणूस लागतो. ही जागा मला मिळाली. “तीस सेकंद अजिबात हलू नका.”

दहाव्या सेकंदाला डाव्या मोज्यावर काहीतरी दिसलं. काडीएवढी जळू. मागचं टोक रोवायची, अंग कमानीसारखं उचलायची, पुढचं टोक टेकवायची. वीतवीत मोजत चालल्यासारखी, शांतपणे, माझ्या पोटरीच्या दिशेने. पंधरा. वीस. मुलाचं भविष्य एकीकडे, माझं रक्त दुसरीकडे. बाविसाव्या सेकंदाला मी नाचलो. काकडीबरोबर सौ.ने दिलेली मिठाची पुडी कामी आली. जळू पडली, काकडी अळणी खाल्ली.

असे तीस तीस सेकंद जमवत अडीच-तीन तासांची वाट आम्ही दिवसभर चाललो. वर न्यायला तिथे एक रेल्वे आहे, ५२ अंशांच्या चढाची. मूळची खाणीतला कोळसा ओढायला बांधलेली. सकाळपासून माझा सगळा आत्मविश्वास तिच्याच तारणावर होता. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची गाडी नुकतीच गेली होती. शेजारी पायऱ्या होत्या. नऊशेहून जास्त.

तेव्हा हिशेब कळला. इथे आधी कर्ज, मग हप्ते. आणि हप्ते सुरू होतात ते नेमके संध्याकाळी, पायांत काही उरलं नसताना. शिष्ट वाटलेली ती माणसं आठवली. ती बिचारी श्वास वाचवत होती. मध्येच झाडीत शेपटीवाला एक करडा पक्षी खुडबुडला. मुलगा कुजबुजला, “लायरबर्ड! ऐकेल त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. कॅमेऱ्याच्या क्लिकचीसुद्धा.” ही दरी जागतिक वारसा आहे, २००० सालापासून. माझी धाप तिथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येऊ नये म्हणून मी उरलेल्या पायऱ्या तोंड मिटून चढलो.

त्या धबधब्याचा फोटो आता आमच्या पुण्याच्या हॉलमध्ये आहे. पाणी दुधासारखं उतरलंय, नेचे लख्ख हिरवे. पाहुणे वाखाणतात आणि विचारतात, “पण दगडावर हे धुकं कसलं हो?”

ते धुकं नाही. तो मी.