चाकांवरचा गृहस्थ

‘गृहस्थ’ या शब्दाची फोड ‘गृहात राहणारा’ अशी केली जाते आणि घर आपल्या जागी स्थिर उभे असते, हे त्या फोडीत न सांगता गृहीत धरलेले असते. परंतु अलीकडे मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात गृहस्थांची अशी एक पोटजात उदयाला आली आहे, की जिचे दुसरे घर चाकांवर असते आणि जिचा सर्व जीव त्या दुसऱ्या घरातच गुंतलेला असतो. या घराला मोटरहोम म्हणतात, म्हणजे असे वाहन की ज्याच्या पोटातच झोपण्याच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याच्या टाक्या आणि शौचालय बसवलेले असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यासाठी धोरण आणले तेव्हा ‘कॅरावॅन’ हा शब्द वापरला. वडखळ नाक्यावर मात्र त्याला सरसकट ‘व्हॅनिटी’ म्हणतात, आणि आत कोणती नटी आहे हे पाहायला जमलेल्या पोरांना दार उघडून बाहेर येणारे बर्म्युडाधारी निवृत्त अधिकारी पाहून जी निराशा होते, ती लपवण्याचे सौजन्य त्या वयात अंगी आलेले नसते.

या पोटजातीच्या निरीक्षणासाठी वडखळसारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबई–गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा येथेच फुटतो, त्यामुळे समुद्राकडे निघालेला प्रत्येक जण येथे थांबतोच. पण सामान्य प्रवासी वडा खायला, मोसम असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायला किंवा पेणचे पोह्याचे पापड बांधून घ्यायला थांबतो, आणि मोटरहोमचा धनी तपासणीसाठी थांबतो. गाडी थांबताच तो खाली उतरून चाकांभोवती प्रदक्षिणा घालतो व प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेतो, कारण बेअरिंग किंवा ब्रेक तापला असल्यास ते पालथ्या हाताला लवकर समजते, अशी त्याची श्रद्धा असते. मग गुडघे टेकून, भर दुपारीही बॅटरी लावून, तो टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो. त्यांतले पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात, त्यामुळे ही जन्मतारीख पाहणे शास्त्राला धरून आहे. ती गेल्या खेपेपासून बदललेली असण्याचा संभव नाही, एवढेच.

तपासणीचा दुसरा भाग गाडीच्या आत चालतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात या रस्त्याने प्रवाशांच्या हाडांवर जे संस्कार केले, तेच मोटरहोमच्या बिजागऱ्यांवरही केले. घर बांधणाऱ्याने भूकंप कधी तरी होईल असे धरलेले असते, येथे तो दर शनिवारी सकाळी होतो. कपाटांच्या कड्या उघडतात, डब्यांची झाकणे डब्यांचा निरोप घेतात, आणि फळीखाली एखादा स्क्रू सापडतो, जो नेमका कुठला हे कधीही कळत नाही. असे अनाथ स्क्रू साठवण्यासाठी प्रत्येक धन्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो, आणि तो भरत जातो तसतशी गाडी चालतच राहते, यावरून त्या स्क्रूंची आवश्यकता कितपत होती हे ठरवता यावे.

मुक्कामी, म्हणजे नागाव किंवा आक्षीच्या एखाद्या वाडीत, पोचल्यावर समुद्राकडे पाहण्याआधी पाणसळ काढली जाते. पाणसळ हे गवंड्याचे साधन असून तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला म्हणजे पृष्ठभाग समपातळीत आहे असे समजतात. गाडी तिरकी राहिल्यास सांडपाणी मोरीकडे न जाता गादीकडे जाते, त्यामुळे एका चाकाखाली फळी सारणे, पुन्हा गाडी पुढे घेणे, पुन्हा बुडबुडा पाहणे आणि शेवटी चाकांना उटी, म्हणजे दगड वा लाकडाचा ठोकळा, लावणे हा विधी सहज पाऊण तास चालतो. “अहो, चहा कधी टाकू?” असे आतून विचारले जाते, “थांब, आधी बुडबुडा येऊ दे,” असे बाहेरून उत्तर जाते. बुडबुडा आल्यावर गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती पाहिली जाते. हे काम मात्र थट्टेचे नाही, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो बंद गाडीत जमिनीलगत साचून राहतो. म्हणूनच अशा गाडीला खाली, तळाशी झरोका लागतो.

या व्यक्तीचे खरे रहस्य त्यापुढे उलगडते. स्वतःच्या फ्लॅटमध्ये ज्याने चहाचा कप कधी विसळला नाही आणि ज्याला पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे विचारून सांगावे लागते, तोच पुरुष येथे दोन माणसांची भांडी दीड तांब्यात घासून दाखवतो, केर काढतो आणि ओला पंचा वाळत घालताना त्याच्या पाण्याने आतला दमटपणा किती वाढेल याचा विचार करतो. घरी जे बायकांचे काम असते ते गाडीत ‘मेंटेनन्स’ होते, कारण येथे प्रत्येक कामाला एक काटा जोडलेला असतो: टाकीत शंभरपैकी किती लिटर उरले, बॅटरी किती व्होल्टवर आली, सौर पट्टीतून किती वीज येते. काटा असला की पुरुषाला कामात प्रतिष्ठा दिसते, हा या प्रकरणाचा मुख्य सिद्धान्त होय, आणि स्वयंपाकघरातल्या कणकेच्या डब्याला एखादा काटा बसवून त्याची पडताळणी करायला हरकत नसावी. या बाबतीत आद्य पुरुषाने चांगला पायंडा पाडला नव्हता. १८८५ साली इंग्लंडात केवळ हौसेखातर ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेणारे डॉ. गॉर्डन स्टेबल्स आपल्याबरोबर गाडीवान आणि नोकर घेऊन निघत. आपल्याकडे मुक्काम हलवण्यात खरा अधिकार वारीतल्या दिंड्यांचा. पण तेथेही तंबू, पाणी आणि चूल यांची माणसे वेगवेगळी नेमलेली असतात. नागावच्या वाडीत ही सर्व पदे एकाच माणसाकडे असतात आणि त्यांपैकी एकही तो सोडायला तयार नसतो.

सहलींच्या मधला काळ हा त्याचा खरा हंगाम. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात गाडी उभी राहिली की खाऱ्या हवेने पत्र्याला गंज चढतो, गादीला बुरशी येते, शिसे-आम्लाची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते आणि उंदीर तारा कुरतडतात. पहिल्या वर्षी हा गृहस्थ निळी ताडपत्री घट्ट बांधतो आणि आत ओल कोंडून बुरशीची शेतीच करतो. दुसऱ्या वर्षापासून तो छताच्या सांध्यांत सिलिकॉन भरणे, फ्रिजचे दार उघडे ठेवणे, टाकी ब्लीचिंगच्या पाण्याने धुणे, इंजिनाशेजारी तंबाखूची पाने ठेवणे आणि पंधरवड्यातून एकदा गाडी सुरू करून तिच्यात नुसते बसणे शिकतो. यातले शेवटचे कोणत्याही पुस्तकात सांगितलेले नाही.

शौचालयाच्या पेटीबद्दल थोडक्यात लिहिणेच बरे. ती साधारण अठरा-वीस लिटरची असते, तिच्यात वास मारणारे औषध घालतात आणि ती रिकामी करण्याची सोय वाटेत फारशी नसल्याने, जाताना शहरातून निघालेला हा भार बराचसा वाढून डोंबिवलीस परत येतो. परतीच्या वाटेवर वडखळच्या खड्ड्यांतून गाडी जी इतकी जपून जाते, त्याचे कारण कांद्याच्या माळा नव्हेत.

वाचकांना एकच सूचना आहे. नाक्यावर कोणी गृहस्थ पांढऱ्या गाडीखाली पालथा पडलेला दिसला, तर काही मदत हवी का असे विचारू नये. तो गाडी दाखवायला घेईल, आणि अलिबागला पोचेपर्यंत दिवेलागण होईल.