मडगार्डवरचा मास्तर

कुरुंदवाडात पोराला आधी गाडी मारता येते, मग मिसरूड फुटतं, आणि लायसन ह्या दोन्हींच्या मागून सवडीनं येतं. गाव लहान, पण कामं चारी दिशांना पांगलेली. शेत शिरढोणच्या वाटेला, कॉलेज जयसिंगपूरला, बाजारहाट इचलकरंजीला आणि देव पंचगंगेपल्याड नरसोबाच्या वाडीला. ही सगळी ने-आण बापानं एकट्यानं करायची म्हटली तर त्यानं जेवायचं कधी? म्हणून सीटवर बसून ज्याचे पाय भुईला टेकतात, त्याच्या हातात किल्ली पडते.

कायद्याचा हिशेब निराळा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात गाडीला १८ वर्षं पुरी लागतात. १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीनं लायसन मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. कायदा झाला तेव्हा घरोघरी लूना होती, त्यामुळं तरतूद शहाणपणाचीच होती. आज शोरूममध्ये जाऊन पन्नास सीसीची पेट्रोलची गाडी मागा, सेल्समन आधी तुमच्याकडं बघेल आणि मग तुमच्याबरोबर कुणी मोठं माणूस आलंय का ते बघेल. मिळते ती स्कूटर शंभर सीसीच्या वरची, तिला अठराच पाहिजेत. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला सरकार ज्या गाडीचं लायसन देतं ती बाजारात नाही, आणि बाजारात जी आहे तिचं लायसन नाही. पोरांनी हा पेच आपल्या परीनं सोडवलाय. ती लायसनच्या भानगडीतच पडत नाहीत.

सरकारमान्य ड्रायव्हिंग स्कूललाही नियम आहेत. मोटार शिकवायची तर निदान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष चाकामागं १० तास. गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक. आमच्याकडचं स्कूल बांधावर भरतं आणि मास्तर मडगार्डवर बसतो. ट्रॅक्टर लोच्या पहिल्या गेअरात, हाताची रेस ओढून ठेवलेली. पोराचा पाय क्लचला पोचत नाही, म्हणून ते क्लच दाबायचा म्हणजे सीटवरनं उठून क्लचवर उभंच राहतं. बाप डाव्या मडगार्डवर, एका हातानं सीटची कड धरून. "फुडं बघ की. चाकाकडं काय बघतोयस? चाक कुटं पळून जाईत न्हाई." सरी वाकडी झाली की पाठीत धपाटा, मास्तरचा वेगळा ब्रेक म्हणजे तोच.

ह्या विद्यापीठाची पदवी म्हणजे उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणं. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडं फिरवायचं, आणि ती वळायला लागली की लगेच उलट तोडायचं. जरा उशीर झाला की ट्रॉली आणि ट्रॅक्टर घडी घालून एकमेकांच्या अंगावर येतात. अशा वेळी आजूबाजूचे पाच-सहा अनुभवी लोक जमतात आणि सगळे एकदम सांगतात. "दाब! दाब! सोड! आरं तिकडं न्हवं!" ह्या गदारोळात ज्यानं ट्रॉली खोपीला नीट लावली, त्याला आरटीओच्या परीक्षेची भीती का वाटावी?

आमचा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या पोराला साडेपंधराव्या वर्षी परमिट मिळालं. मग लायसनवाल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास सराव, त्यातले १० रात्रीचे. सोळाव्या वर्षी लायसन, पण पहिलं वर्षभर मोठं माणूस बरोबर नसेल तर विशीच्या आतले दोस्त गाडीत घ्यायचे नाहीत आणि रात्री ११ ते पहाटे ५ गाडी काढायची नाही. फोनवर त्यानं हे सगळं कौतुकानं सांगितलं. आमचा दादा ऐकून घेऊन म्हणाला, "रात्रीचे धाच तास? आमच्यात ऊस हलतोय तो रात्रीचाच." दोस्तांचा मुद्दा त्याला कळलाच नाही. दोस्त घ्यायचे नाहीत तर गाडी शिकायची कशाला?

दोस्त हा आमच्याकडं गाडीचा भागच आहे. मधला बसतो वजनाला. मागचा इंडिकेटर, वळायचं त्या बाजूचा हात तो काढतो. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे. ह्यांच्या धाकानं मोगलांची घोडी पाणी प्यायला बिचकायची, असं सांगतात. तिकडं जाताना मधला "हळू मार लगा" म्हणाला, तर पुढचा म्हणतो, "संताजीला कुणी हळू म्हणालं हुतं काय?" ह्याला उत्तर एवढंच, की संताजींच्या घोड्याला स्वतःचे डोळे होते.

वाहतुकीचा एकच नियम गाव मनापासून पाळतं. साईड स्टँड न काढता कुणी निघालं, तर ओळखदेख नसलेली चार माणसं हातातलं काम टाकून ओरडतात, "ओ भाऊ, स्टँड!" सिग्नल तोडणाऱ्याला असं कुणी ओरडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९९ क आलं. अल्पवयीन पोरानं गाडी मारताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. वहिनींनी हे मोबाईलवरनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचवीस हजारावर दादा हलला नाही, तुरुंगावरही नाही. "पंचविशीपतोर लायसन न्हाई?" एवढ्यावर मात्र उठून बसला. "मग लगीन कसं जमायचं?" त्या दिवसापासून त्याच्या धाकट्या पोराची किल्ली वहिनींच्या साखरेच्या डब्यात गेली.

घरात नियमानं शिकली ती एकटी दीदी, धाकट्याची थोरली बहीण. अठरा पुरी होताच तिनं लर्निंग काढलं. २०२१ पासून महाराष्ट्रात हे आधारवरून घरबसल्या निघतं, प्रश्न स्क्रीनवर येतात. आदल्या रात्री तिनं दादाला परीक्षेला बसवलं. उलटा त्रिकोण दाखवून विचारलं, "पप्पा, हे काय?" तो म्हणाला, "असली पाटी आपल्या रोडला न्हाई." त्याचा अर्थ 'रस्ता द्या' असा होतो हे कळल्यावर म्हणाला, "म्हणूनच न्हाई."

मग तिनं नियमाप्रमाणं 'एल'ची पाटी केली. पांढरा चौकोन १८ सेंटिमीटरचा, त्यावर लाल अक्षर १० सेंटिमीटर उंच, पट्टीनं मोजून. कट्ट्यावरच्या पोरांनी विचारलं, "साईज लिवलीयस काय गं?" ती बोलली नाही. पण नियमाचा पुढचा भाग अवघड होता. शिकाऊ माणसानं दुचाकीवर मागं दुसऱ्या कुणाला घ्यायचं नाही. घ्यायचं तर फक्त शिकवणाऱ्याला, आणि त्याचं लायसन चालू पाहिजे. तिनं दादाला लायसन मागितलं.

दादानं पाकिटातून ते काढलं. दत्ताच्या फोटोमागं, लॅमिनेशनचे पापुद्रे सुटलेलं, फोटोत डोक्यावर भरगच्च केस. दीदीनं तारीख वाचली, परत वाचली. मुदत संपून कैक वर्षं झाली होती. "व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई," दादा म्हणाला. एवढी वर्षं तो पोराला "लायसन नसताना गाडी मारतोस, लाज वाटती का?" म्हणत होता. धाकटा त्या संध्याकाळी जे हसला, ते दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत.

दीदीच्या मागं शेवटी बसले शेजारचे एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हरकाका. आयुष्य कुरुंदवाड आगारात गेलेलं. ते मागं बसून शांतपणे म्हणायचे, "डबल बेल," मगच तिनं निघायचं. खड्डा आला तर "सावकाश, मागं पाशिंजर हाईत." असा मास्तर मिळाल्यावर ती पहिल्या फटक्यात पास झाली ह्यात नवल नाही.

दादाची चालढकल धाकट्याला अठरा लागेपर्यंत टिकली. लायसनची मुदत संपून वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं. त्यापुढं गेलं की पुन्हा परीक्षा. त्यामुळं बापलेकानं लर्निंग एकदमच काढलं. लायसनवाली घरात आता दीदी. ती संध्याकाळी मैदानात पाळीपाळीनं दोघांच्या मागं बसायची. दादा वळताना आरडाओरडा करायचा, ती म्हणायची, "पप्पा, आधी इंडिकेटर." धपाटा मात्र तिनं कुणाला घातला नाही.

आरटीओच्या कॅम्पाच्या दिवशी दोघांनी 'आठ' काढायला घेतला. आठाच्या आकड्यासारख्या वळणानं गाडी न्यायची आणि पाय टेकवायचा नाही. गावातून ट्रिबल शीट सत्तरनं जाणाऱ्या धाकट्याचा दुसऱ्या वळणावर पाय टेकला. त्याचं म्हणणं, मागं कुणी नव्हतं म्हणून तोल गेला. ते खरंही असेल. एकट्यानं गाडी मारायची त्याला सवयच नव्हती. दादा आखलेल्या वळणाशी थांबला आणि साहेबांना विचारलं, "ह्यातनं ट्रॉली न्यायची न्हाई न्हवं?" साहेब हसले. दादा आठ काढून बाहेर आला. धाकट्याला ७ दिवसांनंतर परत यायला सांगितलं.

तेव्हा वाचकहो, पोरांना काही बोलायच्या आधी तुमच्या पाकिटातलं लायसन एकदा बाहेर काढा आणि तारीख वाचा. चाळिशी उलटली असेल तर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखलाही लागतो. आणि तारखेला वर्ष होऊन गेलं असेल, तर संध्याकाळी मैदान मोकळं असतं. मागं बसायला घरातली लेक शोधा.