शंभर टक्के गॅरंटीवाल्या डॉक्टरसाहेबांस



सार्वजनिक मुतारीपासून लोकलच्या डब्यापर्यंत तुमचा दवाखाना पसरलेला पाहून ऊर भरून येतो. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन!’ आजार तीन, पण तुम्हाला पुडी एकच पुरते. तपासायचीही गरज नाही. उगाच बोट कशाला विटाळा!

तुमच्या यशाचं गुपित मात्र मानलं पाहिजे. फिशर म्हणजे कडक शौचाने गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. काच फिरावी तशी कळ आणि भांड्यात लालभडक थेंब. माणूस हादरतो, घरात सांगायची सोय नसते, म्हणून तुमचा नंबर फिरवतो. आता अशी ताजी चीर बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपण भरते. पाणी, पालेभाजी, इसबगोल पोटात जाऊन शौच मऊ राहिलं पाहिजे आणि कोमट पाण्याच्या टबात बसलं पाहिजे, एवढंच. नेमकी त्याच आठवड्यांत तुमची पुडी चालू असते. चीर भरतं शरीर, पैसे भरतो रोगी, नाव तुमचं!

राहिल्या न भरणाऱ्या चिरा. कळेने आतला स्नायू आवळतो, चिरेला रक्त कमी पडतं. भीतीने शौच टाळलं की ते आणखी कडक होतं आणि चीर पुन्हा उघडते. दीड-दोन महिने उलटून बाहेर कोंब आला की स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं मलम लागतं. त्यानेही भागलं नाही, तर सर्जनचा छोटा छेद, ज्याने दहातले नऊ तरी बरे होतात. पण ‘बिना ऑपरेशन’ हे तुमचं ब्रीद, म्हणून तुम्ही पुढचा कोर्स देता. तुमच्यातले काही कलावंत तर कोंब जाळणारं इंजेक्शन टोचतात. सडलेली कातडी निस्तरायला मग तोच सर्जन.

आणि पन्नाशीतल्या ज्या माणसाला दुखत काहीच नाही, नुसतं रक्त जातं, वजन उतरतं? त्याचं आतडं दुर्बिणीने पाहायला हवं, कॅन्सरची गाठ तर नाही ना म्हणून. तुम्ही फोनवरच ‘मूळव्याध’ म्हणता आणि तिखट बंद करायला लावता.

एक शंका. औषधाने जे आजार बरे करण्याचा दावा करूच नये, त्यांची यादी १९४५ च्या औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत आहे. मूळव्याध, भगंदर दोन्ही तिथे आहेत. पोस्टर छापताना यादी समोरच ठेवली होती का?

पोस्टरवर तुमची पदवी दिसली नाही. बहुधा नेमकी तिथेच खळ जास्त लागली असावी.

आपला,
एक लोकलप्रवासी