कपाळपाटी

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, या घटनेचा आनंद इतरांनी आपापल्या परीने साजरा केला असेल. परंतु अंबड तालुक्यातील आमच्या घरी, जन्मभर महसूल खात्याचे जमाखर्च पाहिलेल्या वडिलांनी तिचा अन्वयार्थ असा लावला की, नवा जिल्हा म्हणजे नवा जिल्हा संघ आणि नवा संघ म्हणजे रिकाम्या जागा. कॉलेजच्या प्रवेशात खेळाडूंना सवलत मिळते, हे त्यांच्या कानावर आले होतेच. क्रिकेटला सारा गाव लोटतो, कुस्तीत कान मोडतात. तेव्हा ज्याला गडी नऊ लागतात आणि जो तालुक्यात जेमतेम अकरा जणांना येतो, तो आट्यापाट्यांचा खेळ चिरंजीवांनी पत्करावा, असा हुकूम सुटला.

मोसंबीच्या बागेशेजारच्या पडीक रानात फक्कीने नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी आखून आमचा सराव सुरू झाला. हुलकावण्या देत कपाळपाटीपासून लोणपाटीपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे, हे कर्तृत्व चपळांचे. पाटीवर उभे राहून, रेषा न सोडता त्यांना अडवायचे, हे काम मजकडे आले, कारण जागचे न हलणे हा नियम मी स्वभावतःच पाळीत असे.

तीन वर्षांच्या या तपश्चर्येचे फळ म्हणून मिळालेला, अर्धवट उमटलेल्या शिक्क्याचा दाखला घेऊन मी औरंगाबादच्या एका महाविद्यालयात गेलो. तेथे मेजांची रांग पाहताच मला घरी आल्यासारखे वाटले. प्रत्येक कारकून आपली रेषा रतिभरही न सोडता दोन्ही हात पसरून बसलेला. आणि सूरपाटीवर वरखाली फिरण्याचा अधिकार जसा एकट्या कपाळपाटीवाल्याला, तसा तेथे एकट्या शिपायाला. पाचव्या मेजापर्यंत मी पोहोचलो. तेथील भाऊसाहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला.

“आट्यापाट्या? हा लहान पोरांचा खेळ की रे!”

“नाही भाऊसाहेब, नियम आहेत त्याला.”

“असतील. आमच्या यादीत नाही.”

असा अभेद्य गडी मी मैदानावरही पाहिला नव्हता. अखेर प्रवेश मिळाला तो दुसऱ्या यादीत, निव्वळ परीक्षेच्या गुणांवर.

पुढे २०१९ साली अमेरिकेतले प्रवेशप्रकरण गाजले. धनाढ्य पालकांनी रिक सिंगर नामक मध्यस्थाच्या हाती लक्षावधी डॉलर ठेवून, नौकानयनाशी संबंध नसलेल्या मुलींना वल्हवण्याच्या यंत्रावर बसविले, छायाचित्रे काढली आणि त्यांना खेळाडू ठरविले. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिडाच्या नौका शिकविणाऱ्या प्रशिक्षकाने तर न्यायालयात गुन्हाही कबूल केला. नव्वदीकडे झुकलेल्या वडिलांना मी ही हकीकत वाचून दाखविली, तेव्हा त्यांना प्रथम पैशांचा आकडा हवा होता. तो ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

“त्यांनी चुना लोकांना लावला,” मग ते म्हणाले, “आपण निदान अंगाला लावून घेतला.”

सध्या नातवासाठी ते पुण्यात जन्मलेल्या रोलबॉलची चौकशी करीत आहेत.