प्रयोग-आराखड्याचे प्राध्यापक व्हायचे आहे?

या धंद्याला शेत लागत नाही, अवजारे लागत नाहीत. चौकटीचा कागद आणि दुसऱ्याच्या शेताबद्दल ठाम मत एवढे भांडवल पुरते.

सुरुवात गव्हाच्या चार वाणांपासून करा. जमिनीचा कस उभा आणि आडवा, दोन्हीकडे बदलतो असे धरा. चार ओळी, चार रकाने आखा. प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रकान्यात एकदाच यावा. झाला लॅटिन चौरस! असे चौरस पुष्कळ निघतात. त्यांतला कोणता घ्यायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवा. स्वतःच्या आवडीला इथे मत नाही. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडातल्या रॉदमस्टेड शेतकी केंद्रात आले आणि त्यांनी ही शिस्त जगाला लावली.

आता सल्ला द्यायला बसा. टेबलावर पानसे-सुखात्मे यांचे शेतकी संख्याशास्त्राचे १९५४चे पुस्तक दिसेल असे ठेवा. संशोधक पेरणीआधी येत नाही. मळणी उरकून, फाइल काखेत मारून येतो.

‘रेप्लिकेशन, म्हणजे पुनरावृत्ती, किती घेतली?’

‘एकच सर, पण प्लॉट चांगला मोठा घेतलाय!’

हसू नका, चहा मागवा. फिशर यांनी १९३८ सालीच कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत बजावले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणे म्हणजे बहुधा शवविच्छेदन करवून घेणे. तुम्ही मृत्यूचे कारण लिहून द्या. शोधनिबंधात तुमचे नाव शेवटी, आभारात येईल. शेतमालकाच्या खालोखाल.

बढती मात्र शेताकडे पाठ फिरवल्यावरच मिळते. त्यासाठी थोर माणसाचा जुना अंदाज शोधा. गणितज्ञ ऑयलरने १७८२ साली सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात उभे करायचा घाट घातला. ओळीत, रकान्यात पलटण वा हुद्दा दुसऱ्यांदा येता कामा नये. जमेना. मग सहा, दहा, चौदा अशा सगळ्याच आकारांना हे जमणार नाही, असा त्याने कयास बांधला. सहापुरता तो खरा निघाला. बाकीच्यांवर लोकांनी १७७ वर्षे विश्वास ठेवला. १९५९ साली राजचंद्र बोस, पूर्वी नागपुरात शिकवणारे शरदचंद्र श्रीखंडे आणि अमेरिकेचे पार्कर यांनी दोन आणि सहा वगळता सगळे आकार जमतात हे दाखवले, तेव्हा बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. चौकटीच्या कागदाचा एवढा मान पुन्हा क्वचितच झाला असेल.

श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. तुम्हीही कुठेतरी व्हालच. मग वेळापत्रक आखायला घ्या: पाच वर्ग, चार प्राध्यापक, तीन खोल्या. यातून कुठलाच चौरस निघत नाही, हे तुम्ही दोन ओळींत सिद्ध कराल. ती सिद्धता प्राचार्यांना दाखवू नका. त्यांना सोमवारपर्यंत वेळापत्रक हवे असते, आणि शनिवारी कोणाचाच तास नको असतो.