जात : टेरियर

‘चार गोड पिल्ले विनामूल्य मिळतील’ असे स्टेटस ठेवले, तेव्हा आठ दिवसांत एक फोन आला. तोही शेळ्यांचा भाव विचारणारा. मग सरांनी मजकूर बदलला : ‘टेरियर क्रॉस. मोजकीच शिल्लक.’ संध्याकाळपर्यंत अकरा फोन.

सर म्हणजे प्रस्तुत लेखकच. बीडमध्ये चष्मा आणि खिशाला पेन असलेल्या माणसाला सर म्हणण्याची पद्धत आहे. स्वतःविषयी ‘मी’ म्हणून लिहायची त्यांना लाज वाटते असे नाही; ‘सर’ लिहिले की वाक्याला इस्त्री केल्यासारखे वाटते, एवढेच.

पिल्ले अर्थातच टेरियर नव्हती. त्यांची आई बार्शी नाक्यावर एका वडापावच्या गाड्याखाली राहायची आणि वडिलांविषयी गाडीवाल्याचे मत ‘आता काय सांगावं’ इतकेच होते. आई ट्रकखाली गेली आणि चार पिल्ले भर पावसात नालीत सापडली. सरांनी ती वाचवली. म्हणजे नालीत उतरला तो चहाच्या टपरीवरचा पोरगा. सरांनी वरून छत्री धरून फोटो काढला. पुढे तीन आठवडे रात्री दोन-दोनदा उठून ड्रॉपरने दूध पाजले ते सरांच्या पत्नीने. सरांनी त्याच काळात ‘मुक्या जिवांसाठी जागवलेल्या रात्री’ या मथळ्याखाली चार परिच्छेद लिहिले. त्याला एकशेबारा लाइक आले. त्यांत पत्नीचा नव्हता.

अकरा फोनांतला पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच : जात कोणती? गंमत अशी की याच बीडमध्ये २०२५ साली पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावे काढून टाकली. जातीचा विषयच नको, नुसत्या नावाने हाक मारा. आडनावावाचून पोलीस चालतो, हे जिल्ह्याने मान्य केले. कुत्रा चालत नाही.

दुसरा प्रश्न : नर का मादी? चारांतल्या तीन माद्या होत्या. ‘मादी आहे’ म्हटले की पलीकडून ‘बरं, कळवतो’ येई, आणि कळवतो म्हणणारा माणूस पुन्हा कळवत नाही हे लग्ने जमवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. हा आकडा सर वर्गात सांगतात तेव्हा पोरे माना खाली घालतात. फोनवर ‘मादी नको’ ऐकून सरांनीही तसाच घोट गिळला आणि एकुलता एक नर पहिल्याच संध्याकाळी देऊन टाकला. दोन महिन्यांनी तो परत आला. आणणारा गृहस्थ सभ्य होता. म्हणाला, “सर, तुमचं टेरियर गुडघ्याच्या वर गेलं. अजून वाढायलंय.”

यावर सरांनी त्याला जे व्याख्यान दिले ते इथे थोडक्यात द्यायला हवे. थोडक्यात देणे सरांना जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

टेरियर हा शब्द आला ‘टेरा’वरून. लॅटिनमध्ये टेरा म्हणजे जमीन, माती. बिळात घुसून, माती उकरून उंदीर-कोल्हे बाहेर काढणारा तो टेरियर. सरांच्या अंगणातल्या पिल्लांनी तोवर कढीपत्ता, दोन गुलाब आणि पाण्याची पाइपलाइन उकरली होती. तेव्हा मातीतला, मातीवर वाढलेला, माती उकरणारा या शब्दाचे सरळ मराठी भाषांतर काय? गावठी! साहेबाने लॅटिनमध्ये म्हटले की चार पैसे जास्त, आपण मराठीत म्हटले की विनामूल्यही नको.

बरे, या साहेबी टेरियरांचे खानदान तरी काय? जॅक रसेल टेरियर ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जॉन रसेल हा पाद्री. ऑक्सफर्डला शिकत असताना त्याला वाटेत एका दूधवाल्याकडे एक कुत्री दिसली, आवडली, त्याने ती विकत घेतली. पुढची सगळी प्रजा तिच्यापासून. म्हणजे मूळ माता दूधवाल्याच्या मागे फिरणारी. तिचे नाव ट्रम्प होते. हा योगायोग सरांनी रचलेला नाही.

आणि निपर! निपरपाशी आले की सरांना थांबवणे कठीण. ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान देऊन बसलेला तो कुत्रा ज्यांनी आजोबांच्या घरी पाहिला आहे, त्यांना तो घरचाच वाटतो. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे नाव ज्यांच्या तोंडात बसले नाही ते ‘कुत्रा छाप तबकडी’ म्हणायचे. तर हा निपर १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जन्मला. जातिवंत मुळीच नव्हता, टेरियरची भेसळ. आल्या-गेल्याच्या पोटऱ्यांना चिमटा घ्यायचा म्हणून नाव निपर. मालक मार्क बॅरॉड हा नाटकांचे पडदे रंगवणारा. १८८७ मध्ये तो वारला. इथे सर आवाज खाली आणतात. तीन वर्षांचा कुत्रा, मालक गेलेला, घरात पैसा नाही. अशा कुत्र्यासाठी स्टेटस ठेवून बघा, किती फोन येतात ते! मार्कचा भाऊ फ्रान्सिस हा चित्रकार, त्याने निपरला नेले. उतारवयात निपर मार्कच्या विधवेकडे गेला आणि १८९५ मध्ये मेला. तो गेल्यावर तीन वर्षांनी फ्रान्सिसला आठवले की फोनोग्राफ लावला की हा कान टवकारून बसायचा, आणि त्याने चित्र काढले. चित्र कुणी घेईना. मग कर्णा पितळेचा रंगवला तर उठून दिसेल म्हणून तो एका ग्रामोफोन कंपनीत नमुन्याचा कर्णा मागायला गेला. मॅनेजर म्हणाला, कर्णाच काय, त्या यंत्राच्या जागी आमचे यंत्र रंगवा, चित्र आम्ही घेतो. पन्नास पौंड चित्राचे, पन्नास हक्कांचे. जुन्या यंत्रावरच नवे रंगवले. मूळ चित्र तिरप्या उजेडात पाहिले तर खालचे जुने यंत्र अजून जाणवते म्हणतात.

“म्हणजे जगातला सगळ्यांत प्रसिद्ध टेरियर,” सरांनी समारोप केला, “गावठी भेसळीचा, आणि तीन घरे बदललेला.” समोर कोणी नव्हते. गृहस्थ ‘फोनो’पाशीच निघून गेला होता. कुत्रा तेवढा कान टवकारून बसला होता. त्याला भूक लागली होती.

कुत्र्यांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव जगभर झाले ते २०२१ च्या डिसेंबरात, माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावामुळे. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि ती तिथून पडून नाहीतर उपाशी मरत होती. बातम्यांत हा ‘सूड’ झाला, आकडा अडीचशेवर गेला. एवढी पिल्ले लऊळला होती तरी का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. शेवटी वनखात्याने दोन वानरे पकडली आणि नागपूरकडे नेली. सरांना त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. पिल्ले पळवणारी ती वानरे त्यांना छातीशी धरत, त्यांच्या उवा-पिसवा बघत, असे सांगणारेही होते. सूड कसला, त्यांना ती सांभाळायची असावीत. फक्त पिल्लाला दूध लागते, हे छपरावरच्या माकडाच्या लक्षात आले नाही.

हे सर मोठ्या दयेने सांगत. पुढच्या एका डिसेंबरातल्या त्या शनिवारपर्यंत.

वडवणीच्या रस्त्याला एक वस्ती आहे. दिवाळी झाली की तिथली निम्म्याहून जास्त दारे कुलूपबंद होतात. तशाच एका कुलपासमोर एक तपकिरी कुत्रा बसलेला सरांना दिसला. बरगड्या मोजाव्यात असा, शेपूट मातीत, नजर कुलपावर. सरांचे डोळे भरून आले, पण फोटो नीट यावा म्हणून त्यांनी ते पुसले. ‘टाकून दिलेला’ असे मनाशी ठरवून त्यांनी त्याला शालीत गुंडाळले, स्कूटरवर पुढ्यात बसवले आणि घरी आणले. नाव ठेवले निपर. निपर दोन दिवस काही खाईना. पुडीतल्या महागड्या खाद्याकडे त्याने विद्यार्थी संदर्भग्रंथांकडे बघतात तसे बघितले. तिकडे स्टेटस धावत होते : ‘कुलपाकडे पाहणारे डोळे’. छत्रपती संभाजीनगरच्या एका बंगलेवाल्या इंजिनिअरचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. सरांना आपण तागडगावच्या पंगतीत जाऊन बसल्यासारखे वाटले. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सोनवणे दांपत्याचे ‘सर्पराज्ञी’ केंद्र आहे. जखमी मोर, हरणे, साप तिथे बरे होतात आणि रानात परत जातात. कुत्र्याची अडचण इथेच आहे. बरा झाला तरी त्याला सोडायला रान नाही, दारच लागते. आणि दार तर सरांनी मिळवले होते!

शनिवारी फाटकाशी एक आजी उभी. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. सोबत नऊएक वर्षांचा पोरगा.

“माझं कुत्रं तुमच्याकडं हाय म्हणत्यात.”

सर काही बोलायच्या आत पोरगा “काळ्या!” म्हणाला आणि दोन दिवस मान न उचललेला निपर साखळी ताणून मागच्या दोन पायांवर उभा राहिला.

“तपकिरी आहे की हो आजी. काळ्या कसा?” सरांनी पुराव्यातली विसंगती दाखवली.

“त्याच्या आधीचं काळं होतं. त्याचंच नाव ह्याला.”

आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन दिवस दवाखान्यात होत्या, पोरगा मावशीकडे. घर लेकाचे. लेक आणि सून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटली की पाडव्याच्या सुमाराला येणार. तोवर कुलूप आणि कुलपासमोर राखणीला काळ्या. आजी चार घरे सोडून राहतात आणि रोज त्याला भाकरी टाकतात.

सरांनी खुलासा सुरू केला. “आजी, आम्ही अशा कुत्र्यांना तात्पुरतं सांभाळतो आणि मग...”

“मंजी अर्धेलीनं?”

शेळी अर्धेलीने देतात. सांभाळणाऱ्याने चारायची, पिले निम्मी-निम्मी. आजींनी सरांचे समाजकार्य एका शब्दात बसवून पाहिले आणि कुत्र्याचे निम्मे काय घेणार, या शंकेने सरांकडे संशयाने बघितले.

“तसं नाही. मला वाटलं, सोडून दिलंय त्याला.”

“सोडून कशाला देतील?” आजींनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. “हे बी माझ्यापाशीच ठिवून गेल्यात. हे काय सोडल्यालं हाय का?”

सरांना उत्तर सुचले नाही. दर हंगामाला या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. काही लेकरे फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. तात्पुरते सांभाळण्याच्या ज्या गोष्टीला सर ‘फॉस्टर’ असे इंग्रजी नाव देऊन स्टेटस ठेवत होते ती या वस्त्यांवर सहा-सहा महिने, बिनबोभाट चाललेली असते. वर्गातल्या हजेरीत मार्चपर्यंत ज्यांच्या नावापुढे लाल रेघ असते, त्या पोरांवर सर वर्षानुवर्षे खेकसत आले होते. ते सगळे त्या फाटकाशी एकदम आठवले.

शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये, २२ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी सांगितलेच होते की नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच नेऊन सोडा. सरांनी ती बातमी वर्गात स्वतः मोठ्याने वाचली होती. काळ्याला उचलताना आठवली नाही. छपरावरच्या वानराला तरी वर्तमानपत्र येत नव्हते.

रिक्षा करून तिघांना वस्तीवर सोडले. काळ्या उतरला, कुलूप हुंगले आणि त्याच जागी बसला. आजींनी पदरातून अर्धी भाकरी काढून मोडली. ती त्याने उभ्या-उभ्या संपवली. घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, “स्टेटस काढा.”

इंजिनिअरांना कळवले तेव्हा त्यांनी विचारले, “तसाच दुसरा आहे का?” सर म्हणाले, “तीन माद्या आहेत, एक परत आलेला नर आहे. गावठी.” पलीकडे शांतता पसरली. बरं, कळवतो, म्हणाले.

आता मजकुरात ‘गावठी’ असेच असते. फोन अकरावरून दोनवर आले, पण ते दोघेही प्रत्यक्ष आले. एका शेतकऱ्याने नर आणि त्याची बहीण दोन्ही नेली. राखणीला एकटे कुत्रे कंटाळते म्हणाला. दुसऱ्याने एक मादी नेली. तो दूधवाला होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

एक मादी उरली आहे. तपकिरी, उजव्या कानाला काळा ठिपका. रेबीजची लस झाली आहे, नसबंदी झाली आहे, भाकरी खाते, अंगण उकरते. ज्यांना हवी त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. मुलाखत सरांच्या पत्नी घेतात. सर फक्त फोटो काढतात.