साडूंची श्रवण-तपासणी

एकाच सिनेमाच्या निरनिराळ्या डिस्कांपैकी कुठलीचा आवाज अस्सल, हे ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आमच्या थोरल्या साडूंनी घालून दिली आहे. साडू चाकणला क्वालिटीत आहेत. घरात आलेली मेथीची जुडीसुद्धा ते ‘ओके’ केल्याशिवाय आत सोडत नाहीत.

नियम १. वार गुरुवार. आपल्या पट्ट्यातली सुट्टी गुरुवारची आणि महावितरणची दुरुस्तीही गुरुवारचीच. लाइट येईपर्यंत डिस्का पुसाव्यात. मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसणाऱ्याला साडू घरात घेत नाहीत.

नियम २. नमुना एकच. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), धनंजय मान्यांची चौकशी होते तो प्रसंग. स्वयंपाकघरातून ताई ते वाक्य सेकंदभर आधीच म्हणतात. ते मोजणीत धरू नये.

नियम ३. आधी आवाजाची पातळी सारखी करावी. जरा मोठं वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं, मग फरक एका डेसिबलचा का असेना. (गणपती मंडळांना हे फार पूर्वी कळलंय.)

नियम ४. लांबी तपासावी. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा पाल पद्धतीच्या डिस्कवर बहुधा २५ने पळवतात. म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो, आणि पट्टी सुधारून घेतली नसेल तर सगळ्यांचे आवाज अर्ध्या स्वराला थोडे कमी इतके वर चढतात. साडूंच्या वहीत याची नोंद ‘शॉर्ट सप्लाय, ६ मिनिटे’ अशी आहे.

नियम ५. वेष्टणावरच्या ‘५.१’ला भुलू नये. त्या काळच्या बहुतेक मराठी सिनेमांचा आवाज मोनो. मागच्या स्पीकरला कान लावावा. तिथूनही तेच संवाद घुमत येत असतील तर माल मागाहून ताणलेला आहे, रिजेक्ट. पण सरसकट शिक्का मारू नये. ‘शोले’च्या (१९७५) ७० एमएम प्रिंटना सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज होता. ‘सैराट’चा (२०१६) वाद्यवृंद तर थेट लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला, तिथे मागच्या स्पीकरनाही हाताला काम आहे.

नियम ६. खरखर. ती दर वीसेक मिनिटांनी वाढत असेल तर डिस्क थिएटरात चालून झिजलेल्या प्रिंटवरून काढलीय. रिळाची दोन्ही टोकं आधी खराब होतात. साडू याला ‘लॉट कळला’ म्हणतात. खरखर अजिबातच नसेल तर जास्त संशय घ्यावा. ती घासून काढताना ‘स’, ‘श’ आणि बांगड्यांची किणकिणही जाते, आणि माणसं तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखी वाटतात.

नियम ७. जोडीला दुसरा माणूस हवा. हा नियम वहीत नाही. साडूंची उमेदीची वर्षं भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये गेली, कानात बोळा घालायचीही पद्धत नव्हती तेव्हा. वरचे सूर त्यांना आता ऐकू येत नाहीत. ‘बांगड्या आल्या का?’ ते विचारतात. मी मान हलवतो, ते टिक करतात. एरवी माझ्या एकाही मताला या माणसाने कधी टिक केलेली नाही.

निकाल: खरखरवाली जुनी डीव्हीडी पास. गुळगुळीत नवी, रिजेक्ट. व्हीसीडी ताईंसाठी. वाचकांपैकी कुणाकडे ‘पिंजरा’ची व्हीएचएस कॅसेट असल्यास कृपया साडूंना कळवू नये. आठवड्यात गुरुवार एकच येतो.